पंधरा मिनिटांनी या

पहिल्यांदा दारात आलेल्या माणसाला काका घरात घेत नसत. दार उघडत, चष्म्याच्या वरून एकदा नीट बघत, "पंधरा मिनिटांनी या" असं अगदी गोड आवाजात सांगत आणि दार लावून घेत. आत काही मोठं काम अडलेलं असायचं म्हणावं, तर तसंही नाही. दाराच्या आतल्या बाजूला एक वेताची खुर्ची होती. तीत बसून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहत. पंधरा मिनिटांनी माणूस परत आला की दार सताड उघडं. मग पाणी, पोहे, वरून शेव, आणि "अजून घ्या ना भिया" हा आग्रह वेगळा. एकदा परत आलेल्या माणसाला ते दार पुन्हा कधी लागलं नाही. एक अपवाद झाला. त्याच्याकडे मला यावंच लागणार आहे, कारण तो अपवाद मी.

पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारे, निवडणुकीतले उमेदवार, वर्गणीवाले, सगळ्यांना एकच कायदा. त्यांच्या मुलीला बघायला भोपाळहून मंडळी आली, त्यांनाही. काकू पदर सावरत बाहेर येईपर्यंत दार लागलेलं होतं. मंडळी बिचारी समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसली. मुलाचे वडील रेल्वेतले, त्यांना थांबायची सवय. पंधराव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा बेल वाजवली आणि सोयरीक जमली. व्याही ही गोष्ट चारचौघांत हसून सांगतात. काकू अजून हसलेल्या नाहीत.

गल्लीत त्यांना पोस्टमास्टर म्हणत. पोस्टात त्यांनी एक दिवस नोकरी केली नव्हती. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्यांचा जन्म गेला. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. हे भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर रीतसर अर्ज करून मागून घेऊन आले. तो त्यांनी देवघरात ठेवला, कारण घरातली ती सगळ्यात थंड खोली आणि इन्व्हर्टरची तार तिथवर आलेली. त्यावर त्यांनी स्वतःचं मेलचं ठाणं, म्हणजे सर्व्हर, उभं केलं. इंदूरच्या रामबागेच्या आसपासच्या चौदा घरांच्या मेलच्या पेट्या त्या देवघरात होत्या: एक होमिओपॅथ डॉक्टर, एक गाणं शिकवणाऱ्या बाई, एक छोटी शाळा, बाकी आमच्यासारखे किरकोळ. काकू रोज देवांना फूल वाहताना एक त्या डब्यावरही ठेवत. म्हणत, "देव तरी नैवेद्यावर भागवतात, याला चोवीस तास वीज लागते."

हे सगळं फुकट मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारलं की काका म्हणत, "स्वतःचं घर आहे ना भिया तुमचं? मग टपाल घ्यायला दुसऱ्याच्या ओसरीवर कशाला जाता?"

या प्रश्नाला मी पहिल्यांदा काय उत्तर दिलं ते सांगण्यासाठी मला माझी दैना सांगावी लागेल.

सेहेचाळिसाव्या वर्षी माझी नोकरी गेली. मी औषधांच्या कारखान्यात होतो. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, मी गेलो नाही. औषधांच्या डब्यातल्या घडीच्या कागदावर जे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि जे कोणीही वाचत नाही, त्याचं हिंदी-मराठी भाषांतर करायचं काम मी घरी बसून सुरू केलं. बायको हातोदच्या शाळेत शिकवते. महिनाभर तिने सहन केलं. मग एक दिवस चपला काढता काढता म्हणाली, "तुम्ही ऑफिस बाहेर कुठेतरी घ्या. मी दमून येते आणि वरणात तुम्ही काहीतरी सुधारणा करून ठेवलेली असते."

म्हणून मी खोली शोधायला निघालो. चार ठिकाणी गेलो. चारही ठिकाणी खोली होती, पंखा होता, मालक हसतमुख होते. मग ते आडनाव विचारायचे. मी सांगायचो. मग ते जरा आत जाऊन यायचे आणि खोली 'कल ही उठ गई' निघायची. एकाने तर "थोड्या वेळाने या" असं सांगितलं. मी थोड्या वेळाने गेलो, तर ते घरातच नव्हते. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज मात्र येत होता.

पाचवं घर काकांचं. बेल वाजवली. दार उघडलं. वरची खोली भाड्याने द्यायची आहे असं कळलं, एवढं बोलतोय तोवर ते म्हणाले, "पंधरा मिनिटांनी या," आणि दार लागलं.

मी मनात म्हटलं, चला, इथे तर आडनावापर्यंतसुद्धा पोचलो नाही. नाक्यावर जाऊन एक कचोरी खाल्ली. खरं तर मी घरीच चाललो होतो, पण छत्री त्यांच्या कठड्याला अडकवून विसरलो होतो. ती घ्यायला गेलो, तर कठड्याशी माझी चाहूल लागताच दार उघडलं आणि म्हातारा हसत उभा.

"आलात ना. बसा. पोहे घेणार का?"

छत्रीबद्दल मी त्यांना पुढे कितीतरी महिने सांगितलं नाही. आडनाव त्यांनी तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही. पहिल्या पावतीवर लिहायला म्हणून मीच सांगितलं, तर "स्पेलिंग तुमचं तुम्ही लिहा" म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घराण्यात होळकरांच्या दफ्तराची फडणिशी होती. पितळेचा एक जुना शिक्का कपाटात होता. पण घराण्याचा विषय निघाला की ते त्या शिक्क्याने अक्रोड कसे फुटतात तेवढंच सांगत.

खोलीत बसून आठवडा झाला आणि माझी फुकटची मेल बंद पडली. चूक कंपनीची नव्हती. पासवर्ड मी विसरलो. मग यंत्राने विचारलं, तुमच्या पहिल्या शिक्षकाचं नाव काय? हा प्रश्न निवडताना मी कुठल्याशा खुशीत होतो आणि शिक्षकाऐवजी वर्गातल्या एका मुलीचं नाव लिहिलं होतं. कोणत्या मुलीचं, तेही आठवेना. चार-पाच नावं टाकून बघितली. शेवटी बायकोने मागून विचारलं, या सगळ्या कोण? दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो. तेव्हाच त्यांनी तो ओसरीचा प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिलं, "काका, ओसरीवरूनही हाकललंय."

त्याच सुमारास त्यांचा जुना कॉम्प्युटर थकला होता. दुसरा उभा करताना त्यांनी मला हाताखाली घेतलं. म्हणजे मी विजेरी धरायची आणि ते सांगतील ते वहीत लिहायचं. या कामातलं मला जे कळलं ते त्यांच्याच शब्दांत. आधी पत्ता पाहिजे, कायमचा, रोज बदलणारा नाही. मग उलटा पत्ता पाहिजे, म्हणजे आकड्यावरून कोणी शोधत आला तर त्याला आपलं नाव सापडलं पाहिजे. हा उलटा पत्ता इंटरनेट कंपनीने द्यायचा असतो. त्यांच्या ऑफिसात काका जेवणाचा डबा घेऊन जात. तिथला मुलगा म्हणाला, "अंकल, पता तो सीधा ही अच्छा रहता है." काका त्याच्याशी वाद घालत नसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. बाराव्या दिवशी त्या मुलाने कंटाळून कोणालातरी वर फोन लावला आणि काम झालं. मग आपल्या नावाने पत्र कोणत्या घरातून निघू शकतं याची यादी चव्हाट्यावर लावायची. आणि शेवटी प्रत्येक पत्रावर यंत्राने एक शिक्का मारायचा, ज्याची नक्कल करता येत नाही. तो बसला की काका जुन्या कागदांवर असतं तसं म्हणत, "मोर्तब सुद." आणि अक्रोड आणायला सांगत.

सकाळी आठ वाजता गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. काका ओला, सुका आणि घातक असे तीन डबे घेऊन पाच मिनिटं आधीच उभे. तो कचरा देऊन झाला की आत येऊन मेलमधला कचरा बघत. त्याचेही तेच तीन डबे. जे दोन दिवसांत सडतं तो ओला: सेल, सूट, आजच शेवटचा दिवस. सुका म्हणजे दुकानदारांची साधी पत्रकं, कधीतरी उपयोगी पडतील अशी. आणि 'तुमचं खातं आज बंद होईल, इथे दाबा' हा घातक. त्याला ते हातही लावत नसत, नुसतं "गाडीवाल्याला वेगळं सांगायचं" म्हणत. "कचरा येणारच भिया. शहर आहे. तो घरात कुठपर्यंत येतो एवढं बघायचं."

मग चहा आणि रात्रभराची नोंद. कोण आलं, कोणी दार ठोठावलं, कोणी कुलूप हलवून बघितलं, सगळं यंत्र लिहून ठेवत असे आणि काका ते पेपरसारखं वाचत. जगभरातून लोक पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत. ज्या दिवशी असे हजारो प्रयत्न दिसत त्या दिवशी म्हणत, "आज गौतमपुऱ्याचं हिंगोट झालं रात्री. इकडून तिकडून नुसता जाळ." गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं एकमेकांवर पेटती हिंगोटाची फळं फेकतात, तसं. त्यांना एकच दुःख होतं. हे चोर नावं टाकून बघत ती 'ॲडमिन', 'टेस्ट', 'सेल्स' अशी. "अकरा वर्षांत एकानेही माझं नाव टाकून बघितलं नाही," असं ते खरोखर खिन्न होऊन सांगत.

आणि पंधरा मिनिटांचं कोडं मला तिथेच उलगडलं. अनोळखी ठिकाणाहून पहिल्यांदा पत्र आलं की त्यांचं यंत्र ते आत घेत नसे. "आत्ता नाही, जरा वेळाने या" असं सांगून परत पाठवी. खरं पत्र असेल तर पाठवणारं यंत्र थोड्या वेळाने पुन्हा येतं, तशी रीतच आहे. कचरावाल्याला लाखो दारं वाजवायची असतात, त्याला एका दारी दोनदा यायला फुरसत नसते. तो गेला की गेला. एवढ्या एका युक्तीने निम्म्याहून जास्त कचरा दाराबाहेरच राहायचा. ही युक्ती काकांना इतकी पटली की त्यांनी ती घराच्या बेललाही लावली.

मी एकदा विचारलं, "पण नाव-गाव बघून का नाही ठरवत?"

"नाव?" ते म्हणाले. "पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहितो भिया. सगळ्यात खोटी गोष्ट तीच असते. माणूस परत येतो का, तेवढंच बघायचं."

मी वर गेलो. छत्रीचं सांगावं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आता अपवाद.

दुसरं वर्ष होतं. काम बरं चाललं होतं, पण मला ते अजून बरं चालायला हवं होतं. चहाच्या टपरीवर भेटणाऱ्या एका हुशार गृहस्थाने मला पेन ड्राइव्हमध्ये कंपन्यांच्या दीड हजार मेल पत्त्यांची यादी दिली. दोस्तीखात्यात. धनत्रयोदशीच्या सकाळी मी एक सुंदर पत्र रचलं. वर पणती, मध्ये शुभेच्छा, खाली 'भाषांतरे करून मिळतील'. आणि दोनशे-दोनशेच्या गठ्ठ्याने ते दीड हजार लोकांना काकांच्या देवघरातून रवाना केलं. मला एवढं समाधान झालं की मी बायकोला फोन करून सांगितलं, आज मी मार्केटिंग केलं.

नरकचतुर्दशीला डॉक्टरांची पत्रं परत येऊ लागली. लक्ष्मीपूजनाला शाळेची. भाऊबीजेला चौदाही घरांचं टपाल जिथल्या तिथे थांबलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या मेलची दारं आम्हाला बंद झाली होती. मी फराळाला खाली गेलो तेव्हा काका देवघरात नोंदी वाचत बसलेले. कचरा पाठवणाऱ्यांची एक काळी यादी असते, तीत आपल्या ठाण्याचं नाव गेलंय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मला फार संताप आला. माझ्या हातात चकली होती, ती हलवत मी म्हणालो, "कोणीतरी हलकट आपल्या मशीनमध्ये घुसलाय काका. सापडला की मला सांगा. त्याच्या घरी जाऊ."

"सापडला."

"कोण?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथे माझं नाव होतं. एकदा नव्हे, दीड हजार वेळा, खाली खाली खाली. मी चकली परत ताटात ठेवली.

त्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी फक्त समजावलं, की त्या यादीतले काही पत्ते माणसांचे नव्हतेच, ते पिंजरे होते. कोणी न विचारता पत्र टाकलं की लगेच नाव लिहून घेतात. मग ते उठले, मला दारापर्यंत सोडायला आले, आणि त्याच गोड आवाजात म्हणाले, "पंधरा मिनिटांनी या."

दार लागलं.

मी समोरच्या ओट्यावर बसलो, जिथे त्यांचे व्याही बसले होते. गल्लीत रांगोळ्या, ओवाळायला निघालेल्या बहिणी, भावांच्या नव्या शर्टांच्या घड्या. मनात आलं, वर जावं, दोन डिक्शनऱ्या पिशवीत घालाव्यात आणि निघावं. खोल्या काय, मिळतात. बाराव्या मिनिटाला मी उठून कोपऱ्यापर्यंत गेलोही होतो. या वेळी छत्री विसरलेली नव्हती. परत यायचं तर नुसतं परत यायचं होतं.

पंधराव्या मिनिटाला बेल वाजवली. दार उघडलं. माझं फराळाचं ताट काकूंनी झाकून ठेवलं होतं.

"बसा," काका म्हणाले. "आता काम आहे."

इंटरनेट कंपनीचा तो उलट्या पत्त्याचा मुलगा आता काकांचा भक्त झालेला. तो म्हणत होता, अंकल, नंबर बदलून देतो, एक दिवसात मोकळे. काकांनी नको सांगितलं. "नाव बदलून पळायचं? ते तर ते लोक करतात. आपण इथंच राहायचं आणि हेच नाव धुऊन घ्यायचं." काळी यादी ठेवणाऱ्यांना अर्ज लिहायचा होता, तो त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. मी 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं सुरू केलं. त्यांनी ते खोडलं. शेवटी अर्ज दोन ओळींचा झाला: चूक माझी आहे. यादी पुसली आहे.

पण अर्ज पुरेसा नसतो. इभ्रत हळूहळू परत येते. रोज थोडीच पत्रं जायची, खरी, खऱ्या माणसांना, आणि त्यांची उत्तरं यायची, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांना वाटायला लागतं की इथं माणसं राहतात. म्हणून काकांनी मला रोज दोन पत्रं लिहायची शिक्षा दिली. तिचे नियम होते. शुभेच्छा लिहायच्या नाहीत. प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला खरंच पाहिजे आहे असा. आणि फोन करून 'मेल बघ' सांगायचं नाही. "ती शिफारस झाली."

मी वही घेऊन बसलो. दीड हजार लोकांना शुभेच्छा पाठवणाऱ्या माणसाकडे, पत्र लिहावं असे लोक नऊ निघाले.

महूच्या शाळेतल्या मित्राला विचारलं, आपण ज्या झाडाखाली मार खायचो ते आहे का? जुन्या साहेबांना विचारलं, तुम्हाला माझी कधी आठवण येते का? दोघांचीही उत्तरं आली. झाड पडलं होतं. साहेबांनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं, पण पुढे दोन पानं लिहिली. काका उत्तरं वाचत नसत, फक्त आली का ते नोंदीत बघत आणि वहीत रेघ मारत. मधल्या काळात डॉक्टर आपली पेटी घेऊन दुसरीकडे गेले. त्यांच्या रोग्यांची पत्रं अडत होती, त्यांना दोष कसा द्यायचा? काका त्यांना नमस्कार करून म्हणाले, पेटी रिकामी ठेवतो. चौदाची तेरा झाली. मी जिन्यावरून पाय न वाजवता वर जाऊ लागलो.

पाचव्या दिवशी माझी माणसं संपली.

"घरात कोणी नाही?" काकांनी विचारलं.

"मोठा भाऊ आहे. नागपूरला."

"मग?"

"आमचं बोलणं नाही."

"बोलायचं कुठे आहे? लिहायचं आहे."

भांडण काय होतं, ते सांगायला आता लाज वाटते. सहा वर्षांपूर्वी पुतणीचं लग्न झालं. मला पत्रिका आली ती फोनवर, घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपमध्ये, फोटो म्हणून. सख्ख्या काकाला छापील पत्रिका नाही? मी लग्नाला गेलो नाही. दादाने का नाही आलास म्हणून विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आमचे आजोबा महूच्या पलटणीत होते. हटून बसण्याची शिस्त आमच्या घरात तिथून आलेली.

मी दादाला लिहिलं: आई वरणात शेवटी काय घालायची? मी किती वर्षं करून बघतोय, ती चव येत नाही.

उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी मी काकांना म्हणालो, बघा, मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "परत पाठवा." मी परत पाठवलं. पुन्हा काही नाही. "काका, याला काही मानपान?" मी विचारलं. ते घड्याळाकडे बघत होते. "खरं असेल तर पुन्हा जावं लागतं भिया. एकदाच जाणारा तर कोणीपण असतो."

तिसऱ्यांदा पाठवलं. आठव्या दिवशी उत्तर आलं. दादा बँकेत होता, त्याचं पत्र अजूनही बँकेतल्यासारखं असतं.

'तुझी तिन्ही पत्रं कचऱ्यात पडली होती. मी तिकडे बघत नाही. मुलगी माहेरी आली आहे, तिने बघितलं. तिथून काढून घेतली आहेत. आई वरणात वाळवलेल्या कैरीची फोड घालायची. तुला आठवायला हवं होतं, वाळवणावर राखण तूच बसायचास. पत्रिकेबद्दल. तुझी छापील पत्रिका पोस्टाने पाठवली होती, महूच्या पत्त्यावर. तू इंदूरला घर बदललंस ते मला कळवलं नव्हतंस. ती परत आली. मी पुन्हा पाठवायला हवी होती. नाही पाठवली. कपाटात आहे.'

मी ते खाली नेऊन काकांना वाचून दाखवलं. उत्तरं न वाचण्याचा त्यांचा नियम होता, पण ऐकण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. काका पुढे झुकले.

"कचऱ्यातून त्यांनी स्वतः काढली? हाताने?"

"हो."

"हे फार मोठं काम झालं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "एका माणसाने पत्र कचऱ्यातून उचलून घरात नेलं की त्या कंपनीला कळतं, आपली चूक झाली. आपल्या शंभर अर्जांपेक्षा जास्त. दादांना सांगा, अजून दोन पाठवतो, तीही तशीच काढा."

मी डोळे पुसत होतो आणि ते नोंद बघत होते. काकूंनी दोघांकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला.

दादाची पत्रिका पुढच्या आठवड्यात आली. पाकिटावर महूचा पत्ता खोडून रामबागेचा लिहिलेला. मी आणि बायको नागपूरला जाऊन आलो. पुतणीचं मूल चार वर्षांचं होतं, त्याने मला "तुम्ही कोण?" विचारलं. मी सांगितलं, "पुन्हा येईन तेव्हा सांगतो."

संक्रांतीला काळ्या यादीतून आमचं नाव गेलं. काका चौदाही घरी तिळगूळ घेऊन गेले, डॉक्टरांकडे पण. डॉक्टरांची पेटी फेब्रुवारीत परत आली. त्या दिवशी मी काकांना छत्रीची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, त्यांच्या कायद्याला तडा जाईल. ते म्हणाले, "दुसऱ्यांदा, दिवाळीत, छत्री होती?"

"नव्हती."

"मग मोर्तब सुद," म्हणाले, आणि अक्रोड शोधायला उठले.

काका गेले त्याला दोन वर्षं झाली. डबा आता आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, कारण आमच्या घरात थंड खोली नाही आणि इन्व्हर्टर तिथे आहे. बायको त्यावर फूल ठेवत नाही, पण फडका मारते. वरण आता बरं होतं. वेताची खुर्ची काकूंनीच पाठवून दिली.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी काकूंनी मला बोलावून सांगितलं, त्यांच्या सगळ्या मेलवाल्यांना कळवून टाका, एकदमच. मी त्यांची पत्त्यांची वही उघडली. चौऱ्याण्णव माणसं होती. व्याही, जुने विद्यार्थी, तो उलट्या पत्त्याचा मुलगा, माझा दादासुद्धा. मी चौऱ्याण्णव पत्ते एका रांगेत टाकले, खाली दोन ओळी लिहिल्या. पाठवायचं बटण समोर होतं.

ते मला दाबता आलं नाही. मी सगळं पुसलं आणि रोज दोन लिहायला बसलो. प्रत्येकाला वेगळं, प्रत्येकाला एक खरा प्रश्न: तुम्हाला त्यांनी पहिल्यांदा काय सांगितलं होतं? सत्तेचाळीस दिवस लागले. तेरावा होऊन गेल्यावर बातमी कळली म्हणून काही लोक माझ्यावर अजून रागावलेले आहेत. त्यांचं बरोबर आहे. उत्तरं मात्र सगळ्यांची आली, आणि बहुतेकांचं उत्तर एकच होतं.

शेवटचं पत्र कोणा एका जुन्या विद्यार्थ्याला होतं. तोही आपलं ठाणं स्वतः चालवणारा निघाला, कारण माझं पत्र त्याच्या दारावरून परत आलं: आत्ता नाही, जरा वेळाने या. पुन्हा पाठवायचं काम यंत्र आपणहून करतं. मी काही करायची गरज नव्हती. तरी मी वेताच्या खुर्चीत बसून राहिलो, घड्याळाकडे बघत.

सोळाव्या मिनिटाला पलीकडचं दार उघडलं.